पुसलेली बारा मिनिटं

दि. ९ जून

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद, आणि पत्राला वेळेवर उत्तर न देण्याच्या तुझ्या खोडीबद्दल पाठीत एक धपाटा.

माझं बरं चाललंय. म्हणजे कान सोडून बाकीचं. डावा कान कधीच निवृत्त झाला, आता उजव्यानेही अर्ज दिलाय असं दिसतं. फोनवर तुझा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात कोणी खडे हलवतंय, म्हणून हा पत्रांचा घाट. लेक म्हणते, तुम्ही दोघं भावंडं गेलात की पोस्टमनला काही कामच उरणार नाही. म्हणू दे. तिला अक्षर वाचून माणूस ओळखता येत नाही, तुला आणि मला येतं.

आता मुद्द्याचं. दर रविवारी दुपारी चारला टीव्हीवर तो माहितीपट लागतो, ऐंशीच्या दशकावरचा, तो तू बघतोस का? खाली अक्षरं येतात, त्यामुळे मला सगळं कळतं. पहिल्या भागात टेलिफोनसाठीची रांग होती, गॅलरीत वाळत घातलेले गणवेश होते, आणि शेजाऱ्यांच्या दाराशी चपलांचा ढीग टाकून आत टीव्ही बघत बसलेली माणसं. दुसऱ्या भागात कुठल्याशा कारखान्याचं उद्घाटन. पांढऱ्या कोटातल्या पाहुण्यांची कात्री काही केल्या चालेना, शेवटी त्यांनी फीत हातानेच ओढून तोडली आणि सगळी गर्दी खो खो हसत सुटली. मीही हसले. आणि मग काय झालं कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. त्या रांगांमध्ये उभं राहून मी केवढी चिडायचे, तुला माहीत आहे. आता वाटतं, कोणी परत उभं केलं तर दिवसभर राहीन उभी, फक्त रांगेत माझ्या पुढे आई असली पाहिजे.

काल तिसरा भाग झाला. त्यात टायपिंगच्या क्लासची खोली दाखवली, ओळीने मशिनं आणि वेण्या घातलेल्या मुली. मी पडद्याला नाक लावून बाबांना शोधत होते. मशिनं आहेत म्हणजे दुरुस्त करणारा असणारच, असं आपलं वेड्यासारखं वाटलं. तेव्हा आठवलं, बाबा तर खरोखरच टीव्हीवर आले होते! "हातचं काम" नावाच्या त्या कार्यक्रमात, बारा मिनिटं. जिन्याखालचं आपलं दुकान, बाबा मशीनकडे पाठ करून बसलेले, मी एकेक अक्षर दाबतेय आणि ते नुसत्या आवाजावरून सांगतायत कुठलं अक्षर जड आहे. माझे फक्त हात दिसले होते. पण बाबा मुलाखत घेणाऱ्या बाईंना म्हणाले होते, माझ्या मुलीचे कान माझ्याहून चांगले आहेत. ज्या माणसाने घरात 'बरं'च्या पुढे कधी कौतुक केलं नाही, त्याने सगळ्यांसमोर हे म्हणावं! ते एक वाक्य मी चाळीस वर्षं जपून आणलंय.

खुडबुड्या, तू जन्मभर त्या टीव्ही केंद्राची टेपांची खोली सांभाळलीस. ती टेप शोध ना. कान पुरते जायच्या आत मला एकदा ते वाक्य बाबांच्या आवाजात ऐकायचंय. बाकी काही नको.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तुझ्याकडचा थोडा कमी पडतोय तो वाढव.

तुझी,
ताई

दि. २१ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठ चोळत लिहितोय.

माहितीपट मी बघतो, पण तुझ्यासारखा गहिवरून नाही. सगळं कसं चहात बुडवून काढल्यासारखं तपकिरी केलंय बघ. तेव्हा आपण तपकिरी होतो का? तुझी ती पोपटी ओढणी लांबून डोळ्यांत खुपायची. आणि मागे सतत ते मंद वाजणं. आपल्या गल्लीत पंपाचा धडधडाट, वरच्या काकूंचं भांडण आणि बाबांची कानस एका वेळी चालायची, ते कोणी दाखवत नाही.

एक आतली गोष्ट सांगतो. या माहितीपटवाल्यांना जुन्या टेपांचे नंबर जुळत नव्हते तेव्हा त्यांनी मलाच फोन केला होता. त्यांच्याकडे आहे ते सगळं उरलंसुरलं आहे. जे पुसायचं राहिलं, तेच आता ते दशक म्हणून लोक बघतात आणि हुंदके देतात. मला त्याचं हसू येतं, आणि हसून झाल्यावर बरं वाटत नाही.

बाबांच्या टेपचं बघतो. फार वर्षं झाली, खोलीसुद्धा दोनदा हलली. तू आशा धरून बसू नकोस.

तू विचारशील, मी बाबांच्या मशीनवर पत्र का टाइप करत नाही. मशीन ठणठणीत आहे, दर महिन्याला तेल देतो. पण ल अजून तसाच, ओळीखाली उतरतो. जगाची मशिनं सरळ केली बाबांनी, घरच्याला हात लावायला त्यांना सवड मिळाली नाही. मी टाइप केलं असतं तर तू पत्र वाचायच्या आधी चुका मोजल्या असत्यास.

मोठ्यांना नमस्कार म्हणावं तर आता घरात तूच मोठी. तेव्हा तुलाच.

तुझा,
खुडबुड्या

दि. ३ जुलै

चि. खुडबुड्यास,

अ. आ. तुझं ते 'बघतो' मी ओळखून आहे. लहानपणी गणितं करून ठेवलीस का विचारलं की असंच म्हणायचास.

म्हणून मी स्वतःच त्या माहितीपटवाल्यांना लिहिलं. शेवटी पाटी येते ना, आठवणी कळवा म्हणून. त्यांचं मोठं अदबशीर उत्तर आलं. अशी टेप त्यांच्या यादीत नाही, पण त्या काळच्या टेपांची खडान्‌खडा माहिती असलेले एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांना विचारावं. आणि खाली तुझं नाव नि पत्ता! मी एवढी हसले की लेक धावत आली.

हसू ओसरल्यावर मात्र विचार करत बसले. डॉक्टरीणबाईंनी परवा कागदावर लिहून दिलं, वर्षअखेरपर्यंत उजव्या कानाचा भरवसा धरू नका. कानातलं यंत्र आहे, पण त्यातून सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात. आईचा आवाज मला आठवतो. तुझा लहानपणचा, किनरा, तोही आठवतो. बाबांचा आठवायला गेले की फक्त खोकला आठवतो. बापाचा आवाज विसरले, ही गोष्ट कोणाला सांगायचीही लाज वाटते.

तुला माहीत असेल तर सरळ लिही. आहे किंवा नाही. बघतो लिहू नकोस.

तुझी,
ताई

दि. १५ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

नाही. ती टेप मी पुसली. दुसऱ्या कोणी नाही, माझ्या या हातांनी.

तुला कधी सांगितलं नाही, पण आमचं काम नुसतं सांभाळायचं नव्हतं. टेपा कमी आणि कार्यक्रम जास्त. दर महिन्याला वरून यादी यायची. यादीतली टेप पुसायच्या मशीनवर ठेवायची, बटण दाबायचं, दोनदा फिरवायची. मिनिटभर घुमल्यासारखा आवाज, की झाली कोरी. भाषणं आणि उद्घाटनं यांच्यावर 'जपून ठेवावे' असा शिक्का असायचा. टायपरायटर दुरुस्त करणाऱ्या माणसावर शिक्का कोण मारणार?

बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. यादीत सतरावा नंबर त्यांचा होता. मी साहेबांकडे गेलो, रडकुंडीला येऊन विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, प्रत्येकाचं कोणी ना कोणी कुठल्या तरी टेपवर आहे, सगळ्यांना ठेवत बसलो तर उद्याचं कशावर घ्यायचं. मी ती कपाटामागे सरकवू शकलो असतो. दोन दिवस सरकवली होतीही. पण बाबांची ती शिस्त तुला ठाऊक आहे. दुरुस्तीला आलेल्या मशीनवर चाचणी म्हणूनसुद्धा आपलं नाव टाइप करायचं नाही, मशीन दुसऱ्याचं आहे. मी एकदा केलं होतं तर दिवसभर बोलले नव्हते. ती टेपही दुसऱ्याचीच होती, ताई. तिसऱ्या दिवशी मी ती बाहेर काढली. जोडीदार म्हणाला, आण इकडे, मी करतो. मी नाही दिली. परक्याने पुसण्यापेक्षा म्हटलं आपण.

अजून एक, सांगायचं तर सगळंच सांगतो. ज्या कात्रीच्या गमतीवर तू हसलीस, ते उद्घाटन त्याच टेपवर घेतलं गेलं. नंबर मला पाठ आहे. तो भाग लागला तेव्हा मी टीव्ही बंद केला.

पस्तीस वर्षं दर भेटीत हे ओठांवर यायचं. तू पाठीवर हात फिरवायचीस आणि मी गिळून टाकायचो. आता तू काय म्हणशील ते मान्य आहे. काहीच म्हणाली नाहीस, तर ते कसं सोसायचं एवढं मला माहीत नाही.

लोभ मागायला तोंड नाही.

तुझा,
खुडबुड्या

दि. १७ ऑगस्ट

ती. मामास,

भाचीचा सा. न. पत्र लिहायची सवय नाही, चुका पोटात घाल.

तुझं मागचं पत्र आल्यापासून आईचं काहीतरी बिनसलंय. विचारलं तर म्हणते, काही नाही, कान दुखतोय. पत्र तिने शिलाईच्या डब्यात ठेवलंय आणि डब्यावर इस्त्री ठेवलीय. रविवारी चारला टीव्ही लावते, पण आवाज पार बंद करून. मी म्हटलं, जे काही ऐकू येतंय ते तरी ऐक. तर म्हणाली, वरचं ऐकून काय करायचं, खाली काय होतं ते गेलं. मला काही कळलं नाही.

महिना झाला, तिने तुला उत्तर पाठवलेलं नाही हे मला माहीत आहे, कारण पाकिटं मीच टाकायला नेते. मामा, तुमच्या दोघांचं जे काही असेल ते लवकर मिटव. तिला आता आमच्याशी बोलणं जड जातं. तिची पत्रं म्हणजे तिचं बोलणं आहे, आणि तेही तिने बंद केलंय.

तुझी,
भाची

दि. २६ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. उत्तर मागत नाही. सोबतचं जाड पाकीट तेवढं उघड.

टेप पुसण्यापूर्वी आम्हाला एक कार्ड भरावं लागायचं. नंबर, कार्यक्रमाचं नाव, आणि तीन ओळींत मजकूर. बाबांच्या कार्डाला मी तीन ओळी लिहिल्या नाहीत. जेवायच्या दोन सुट्ट्या टेप पुढेमागे करत केंद्राच्या मशीनवर सगळं टाइप केलं. बाबा काय बोलले, कुठे खोकले, कुठे किती सेकंद थांबले. अकरा पानं झाली. साहेबांनी बघितली आणि कार्डाला टाचली. पुढे कार्डं रद्दीत निघाली तेव्हा मी रीतसर अर्ज करून ही पानं मागून घेतली. ती आजवर माझ्या कपाटात होती.

तुला आधी का दिली नाहीत, ते विचारू नकोस. तुझं वाक्य नवव्या पानावर आहे.

आवाज नाही देता आला. शब्द आहेत तेवढे पाठवतोय.

तुझा,
खुडबुड्या

दि. ७ सप्टेंबर

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद. मागच्या दोन महिन्यांचे राहिलेलेही यातच धर.

रागावले होते, खोटं कशाला बोलू. टेप पुसलीस म्हणून पहिले चार दिवस. नंतरचे सगळे दिवस, तू हे एवढं ओझं पस्तीस वर्षं एकट्याने वाहिलंस म्हणून. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, त्या मशीनसमोर तू एकटा उभा होतास आणि मी माझ्या संसारात मश्गूल होते. मला एक कार्ड टाकायचं होतंस, वेड्या. मी आले असते. आपण दोघांनी मिळून बटण दाबलं असतं.

पानं वाचली. आधी मनात, मग मोठ्याने. तू काय लिहून ठेवलंयस याची तुला तरी कल्पना आहे का? 'इथे बाबा डाव्या हाताने चष्मा वर करतात.' 'खोकला, दोन वेळा.' 'इथे हसू आलं पण दाबलं.' मी वाचत गेले आणि तिसऱ्या पानावर खोकल्याच्या मागून आवाज आला. थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. आहे माझ्याकडे, खुडबुड्या. विसरले नव्हते, हाताशी नव्हता एवढंच.

मग नववं पान आलं.

अरे, मी टायपरायटर दुरुस्त करणाऱ्याची मुलगी आहे. केंद्राच्या मशीनवरचा ल अकराच्या अकरा पानांत शिस्तीत ओळीवर उभा आहे. फक्त एका ओळीत, 'मुलीचे'मधला आणि 'चांगले'मधला, दोन्ही ल ओळीखाली उतरलेत. जुनी रिबन शोधून लावलीस, कागद रेषेत बसवायला तुझी अख्खी दुपार गेली असेल. सगळं जमलं. पण ज्या मशीनवर मी टायपिंग शिकले त्याचा ल मला फसवेल असं तुला वाटलंच कसं?

तू पानं का लपवलीस ते तेव्हा कळलं. त्यांत माझं वाक्य नव्हतंच.

तुझ्या ओळीच्या वरची खरी ओळ मग मी नीट वाचली. त्या बाईंनी विचारलंय की हे इतकं एकसारखं टाइप कोण करतंय, आणि बाबांनी सांगितलंय की कोणी नाही, घरातलीच आहे. ती ओळ वाचली आणि मला सगळं लख्ख आठवलं. शूटिंगच्या दिवशी मशीनच्या खडखडाटात बाबांचं बोलणं माझ्या कानावर आलंच नव्हतं; कार्यक्रम लागला तेव्हा शेजाऱ्यांची भरलेली खोली, मी दाराशी उभी. ते 'कोणी नाही' ऐकलं आणि मी चपला न घालता जिन्यावर जाऊन रडत बसले. थोड्या वेळाने आई आली. म्हणाली, तू उठलीस आणि पुढे ते काय म्हणाले ठाऊक आहे का, माझ्या मुलीचे कान माझ्याहून चांगले आहेत. पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं रे. आईने ऐकवलं ते मी माझं ऐकलेलं म्हणून जपत आले. तेव्हा आईने ते वाक्य घडवलं, आता तू परत टाइप केलंस. एका वाक्यासाठी घरातल्या दोघांनी खोटेपणा केला, आणि ज्याने बोलायचं तो गप्पच राहिला.

दोन दिवस मला त्याचं फार वाईट वाटलं. नंतर त्या ओळीपुढे तू कंसात लिहिलेलं परत वाचलं. 'थांबले. चार सेकंद. कॅमेऱ्याकडे नाही, मशीनच्या बाजूला बघतात.' मशीनच्या बाजूला मी होते. पाठ करून बसायचं ठरलं होतं, आणि बाबा वळून माझ्याकडे बघत होते. माझं लक्ष बोटांकडे होतं, मला दिसलंच नाही. टेप असती तर ते चार सेकंद सगळ्या जगाने बघितले असते. पण ते मोजले तू एकट्याने.

तुझी ती ओळ मी खोडणार नाही. वाक्य बाबांचं नसेल, मशीन बाबांचं आहे.

आता माझं ऐक. दसपट सुंदर असा एखादा माहितीपट काढला तरी त्यात आपण नसणार, ते तू आधीच सांगितलंस. तेव्हा तू ये, आणि मशीन घेऊन ये. ल ला तेल नको, दुरुस्ती नको. कान चालो न चालो, मी मशीनकडे पाठ करून टेबलावर पालथे हात ठेवून बसेन, आणि तू एकेक अक्षर दाब. कुठलं जड आहे ते मी हातांनी सांगते की नाही बघ.

लेक दारातून विचारेल, आई, हे टाइप कोण करतंय म्हणून. मी सांगेन, कोणी नाही, घरातलाच आहे.

वाट बघतेय. लोभ मागायचा नसतो, घेऊन यायचा असतो.

तुझी,
ताई